कवळीवाल्यांचा पाहुणचार

दातांच्या कवळ्या करण्यात ज्यांचं उभं आयुष्य गेलं, त्या गृहस्थांना चर्चची सगळी मंडळी कवळीवाले म्हणत. त्यांना त्याचं वाईट वाटत नसे. उलट मंडळीतले निम्मे म्हातारे आपल्या हातच्या दातांनी हसतात, असं ते भेटेल त्याला सांगत, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती. दंतवैद्याच्या दवाखान्यामागे त्यांची कामाची खोली होती. तिथे प्लास्टरचे साचे, मेणाच्या हिरड्या, घासायचं चक्र आणि फळीवर रांगेने मांडलेले जबडे. आठवडाभर ते मान खाली घालून त्या जबड्यांच्या संगतीत असत. जबडे कितीही असले तरी त्यातला एकही बोलत नसे. त्यामुळे कवळीवाल्यांचं आठवड्याचं बोलणं रविवारसाठी साठून राही.

रविवारी उपासना संपली की ते चर्चच्या पायरीवर उभे राहत आणि जो दिसेल त्याला घरी जेवायला बोलावत. "असं कसं? आमच्याकडे जेवूनच जायचं," हे वाक्य ते अशा काही जोरात म्हणत की नाही म्हणणाऱ्याला आपणच उद्धट वाटू लागे. घर दोन गल्ल्या सोडून होतं. तळमजल्यावर दोन खोल्या आणि मागे स्वयंपाकघर. कवळीवाले पाहुण्यांना घेऊन रमतगमत घरी पोचत तेव्हा टेबलावर ताटं मांडलेली असत आणि भाताची वाफ निघत असे. त्याचं त्यांना कधी नवल वाटलं नव्हतं. त्यांची बायको, जिला सगळे काकू म्हणत, ती चर्चमध्ये अगदी शेवटच्या बाकावर बसे आणि शेवटचं गीत सुरू झालं की मागच्या दाराने निघून जाई. तिला गर्दी सोसत नाही, अशी कवळीवाल्यांची समजूत होती. ती भात टाकायला जात असे.

मागे एकदा चर्चच्या वर्धापनदिनी पाळकसाहेबांनी कवळीवाल्यांना पुढे बोलावून त्यांचा सत्कार केला होता. ख्रिस्ती माणसाचं घर कसं असावं ते यांच्याकडे बघून शिकावं, असं पाळकसाहेब म्हणाले. कवळीवाल्यांनी उत्तरादाखल दोन शब्द बोलतो म्हणून बरेच शब्द बोलून घेतले. पुनरुत्थित प्रभूने पहाटे सरोवराच्या काठी आपल्या थकल्याभागल्या शिष्यांना न्याहारीला बोलावलं, तो प्रसंग त्यांचा फार आवडता होता. तो त्यांनी साग्रसंगीत सांगितला. "या, असं म्हणता येणं हेच पाहुणचाराचं मर्म आहे," असं म्हणून त्यांनी आपल्या घराचं दार कधीही बंद नसतं हेही जोडलं. टाळ्या वाजल्या. काकू तेव्हा चर्चमध्ये नव्हत्या, कारण त्या दिवशी घरी अकरा माणसं जेवायला यायची होती आणि भाषण लांबलं होतं. कवळीवाल्यांनी घरी आल्यावर जेवताना तेच भाषण त्यांना पुन्हा ऐकवलं. ते आधी चर्चमध्ये ऐकलेले पाहुणे समोर बसूनच होते. कुणी तक्रार केली नाही. सगळ्यांच्या तोंडात घास होता.

असं सगळं छान चाललेलं असताना काकूंची थोरली बहीण न्हाणीघरात घसरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. तिच्याजवळ दुसरं कुणी नव्हतं. काकूंनी बॅग भरली. निघताना त्यांनी नवऱ्याला दूध कुठून येतं, अंडी कुठे ठेवली आहेत, गॅस कुठून बंद करायचा ते सांगितलं आणि दारात थांबून म्हणाल्या, "आणि हे बघा, या रविवारी कुणाला बोलावू नका."

"मला काय वेड लागलंय का?" कवळीवाले म्हणाले.

रविवारपर्यंत ते ब्रेड आणि उकडलेल्या अंड्यांवर राहिले. उपासनेत त्यांचं चित्त नेहमीसारखं लागलं होतं. शेवटचं गीत झालं, आशीर्वाद झाला, ते बाहेर पायरीवर आले. ऑर्गनवाले आजोबा कोटाची बटणं लावत उभे होते. चर्चचा ऑर्गन हे आजोबा कित्येक वर्षं वाजवत आले होते, बायको गेल्यापासून एकटे राहत होते आणि रविवारी कवळीवाल्यांकडे जेवायचं हे त्यांचं ठरलेलंच होतं. शेजारी शिवणताई. या बाई कपडे शिवून पोट भरत, लग्न केलं नव्हतं, त्याही बऱ्याच रविवारी येत. आणि त्यांच्यामागे एक नवीन कुटुंब जरा अंग चोरून उभं होतं. बस चालवणारा एक तरुण माणूस, त्याची बायको आणि चारेक वर्षांची मुलगी. ते नुकतेच या गावात राहायला आले होते.

कवळीवाल्यांनी त्या तिघांकडे पाहिलं आणि त्यांचं तोंड आपोआप उघडलं. "असं कसं? आमच्याकडे जेवूनच जायचं," ते म्हणाले. "सगळ्यांनीच. या मागोमाग."

पहिली गल्ली संपेपर्यंत त्यांना काही वाटलं नाही. ड्रायव्हरला ते पाळकसाहेबांच्या वरच्या दाताची गोष्ट सांगत होते. दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी त्यांना आपलं घर दिसलं आणि त्याचबरोबर घराला लावलेलं कुलूपही दिसलं. ते कुलूप त्यांनी स्वतःच लावलेलं होतं. ज्या घराचं दार कधी बंद नसतं असं त्यांनी भर सभेत सांगितलं होतं, त्या घराची किल्ली कुठल्या खिशात आहे हेसुद्धा त्यांना आठवेना.

एकदम चक्कर आल्याचं नाटक करावं, असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला. पण चक्कर आली तर पाहुणे घरात घेऊन जाणारच. शेवटी किल्ली सापडली. "तुम्ही बसा निवांत," त्यांनी सगळ्यांना पुढच्या खोलीत बसवलं, खुर्चीवरचा आपला पायजमा उशीखाली ढकलला आणि फोन घेऊन स्वयंपाकघरात शिरले.

त्या खोलीत ते रोज पाणी प्यायला आणि या दिवसांत अंडी उकडायला जात असत, त्यापलीकडे त्यांची तिथे ओळख नव्हती. फळीवर डबे होते, सगळे एकाच मापाचे. बिस्किटांचं चित्र असलेल्या डब्यात मीठ निघालं. चहाच्या डब्यात सुया, दोरे आणि एक जुना बल्ब. त्यांनी बायकोला फोन लावला. पलीकडे दवाखान्यातला गलबला ऐकू येत होता.

"अगं, तांदूळ कुठे असतात?"

काकूंनी उलट विचारलं, "किती जण आहेत?"

"मी तसं मुद्दाम कुणाला बोलावलं नाही."

"बरं. किती जण आहेत?"

कवळीवाल्यांनी नावनिशी सांगितली. काकू रागावल्या नाहीत, हे त्यांना रागावण्यापेक्षा जड गेलं. त्यांनी खालच्या फळीवरचा मोठा डबा सांगितला, पातेलं सांगितलं, आणि म्हणाल्या, "भात मऊ करा. आजोबांना चावत नाही."

"चावत नाही म्हणजे? त्यांची कवळी मी केली आहे."

"म्हणूनच म्हणते," काकू म्हणाल्या. "आणि शिवणताईंना नेहमीसारखं तुमच्या डाव्या हाताला बसवा."

"ते कशाला?"

"बसवा हो. तिथे त्यांना बरं पडतं. आजोबांच्या ताटाशी ती झाकणाची..." इतक्यात पलीकडून कुणीतरी काकूंना हाक मारली, डॉक्टर आले होते, आणि फोन बंद झाला.

कवळीवाल्यांनी बाह्या सरसावल्या. प्लास्टरच्या पुडीला पाणी किती लागतं हे ते झोपेतही सांगू शकले असते. भात त्याहून अवघड असायचं काही कारण नव्हतं. त्यांनी त्याच अंदाजाने पाणी घातलं. मग मऊ करायचा हे आठवून आणखी घातलं. मग ते फार पातळ दिसलं म्हणून मूठभर तांदूळ घातले. मग झाकण ठेवून ते पाहुण्यांशी बोलायला बाहेर गेले, कारण पाहुण्यांना एकटं सोडणं हे त्यांना अगत्याला धरून वाटेना. पाळकसाहेबांच्या दाताची गोष्ट अर्धी राहिली होती. ती संपेपर्यंत ड्रायव्हरच्या बायकोने दोनदा स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि एकदा नाकाला पदर लावला.

"काहीतरी लागलंय का?" तिने शेवटी विचारलं.

भात लागला होता. कवळीवाल्यांनी पातेलं थाळीत उपडं केलं तेव्हा तो एकसंध निघाला. खालचा भाग वर आल्यामुळे माथा काळा, अंग पांढरं, आणि कडा अगदी स्वच्छ. साचा म्हणून तो अव्वल उतरला होता. त्यांनी तो तसाच टेबलाच्या मधोमध नेऊन ठेवला, शेजारी लोणी आणि ब्रेड मांडला, आणि सगळे बसल्यावर प्रार्थनेसाठी डोळे मिटले. एरवी त्यांची जेवणाआधीची प्रार्थना अख्ख्या जगाला एक फेरी मारून येई. त्या दिवशी ते म्हणाले, "प्रभू, हे जे काही आहे त्याबद्दल तुझे आभार. आमेन."

डोळे उघडले तेव्हा मुलगी थाळीकडे बघत होती. "हे कापायचं का?" तिने विचारलं.

तिच्या आईने तिला कोपराने ढोसलं. शिवणताई हसल्या. आजोबा मात्र टेबलावर काहीतरी शोधत होते. ताटाच्या या बाजूला बघितलं, त्या बाजूला बघितलं.

"काय हवंय आजोबा? मीठ?"

"नाही, नाही. ती वाटी नाही का आज? झाकणाची?"

"साखरेची?"

आजोबांचे कान तांबडे झाले. "साखरेची नाही ती," ते हळूच म्हणाले.

कवळीवाल्यांच्या डोळ्यांपुढे ती वाटी उभी राहिली. पांढरी, लहान, झाकणावर निळं फूल असलेली. आजोबांच्या ताटाशी ती दर रविवारी असे. एकदा त्यांनी पाळकसाहेबांना साखर देण्यासाठी ती उचलली होती, तेव्हा काकूंनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली होती, आणि पाहुण्यांसमोर असं वागल्याबद्दल ते नंतर दिवसभर काकूंशी घुश्शात होते. आता त्यांना सगळं कळलं. बाकीच्यांची नजर चुकवून आजोबा कवळी काढत, त्या वाटीत ठेवत आणि मऊ भात हिरड्यांनी खात.

"किती दिवस झाले असं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही बसवून दिलीत तेव्हापासूनच," आजोबा म्हणाले. "डावीकडे जरा टोचते. जेवताना तेवढी. बाकी उत्तम आहे. दिसायला तर फारच सुरेख आहे."

"मग मला सांगायचं नाही का?"

"ज्यांच्या घरी दर रविवारी जेवायचं, त्यांच्या दातांना नावं कशी ठेवायची?"

 तेवढ्यात ड्रायव्हरची बायको उठली. "दादा, बटाटे आहेत का घरात?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता ती आत गेली. बटाटे होते. कांदे होते. तिने दोन डबे उघडले आणि तिसऱ्यात तिला हवं ते सापडलं. तिच्या मागोमाग शिवणताई गेल्या, मग मुलगी, मग ड्रायव्हर, आणि आजोबा आपली खुर्ची उचलून निघाले. पुढच्या खोलीत भात आणि कवळीवाले एवढेच उरले. मग तेही आत गेले.

त्यांना एक सुरी मिळाली आणि उकडलेल्या गरम बटाट्यांचं पातेलं मिळालं. हे काम त्यांना जमलं. मेण तासायची सवय असलेल्या बोटांनी ते साल इतकी पातळ काढत होते की मुलगी बघत उभी राहिली. हात गुंतल्यावर तोंड सैल सुटलं आणि त्यांनी आपली ठेवणीतली गोष्ट काढली. एका नवरदेवाची कवळी लग्नाच्या शपथा घेताना कशी निसटली, ही गोष्ट त्यांच्या घरी आलेल्या प्रत्येक माणसाने निदान दोनदा तरी ऐकलेली होती. ते निम्म्यावर आले आणि फोडणी परतण्यात गुंतलेल्या ड्रायव्हरच्या बायकोकडे पाहून थांबले.

"मग? पुढे काय झालं?" शिवणताईंनी विचारलं.

कवळीवाल्यांनी त्यांच्याकडे चकित होऊन पाहिलं. "तुम्हाला माहीत आहे की ही गोष्ट. दर दोन महिन्यांनी सांगतो मी."

"नाही हो. मी पहिल्यांदाच ऐकते आहे."

"तुम्ही तर दर वेळी हसता."

शिवणताई ओशाळल्या. ओट्याशी गर्दी झाल्यामुळे त्या दिवशी त्या कवळीवाल्यांच्या उजव्या हाताला बसल्या होत्या. "माझा उजवा कान अगदी गेलेला आहे," त्या म्हणाल्या. "डाव्याने ऐकू येतं. टेबलाशी माझा उजवा कान तुमच्याकडे असतो ना. बाकीचे हसले की मी हसते."

"पण मग जागा बदलून घ्यायची. काकूला सांगितलं असतंत तर..."

"काकूंनीच ती जागा दिली," शिवणताई म्हणाल्या, आणि आपण काय बोललो ते कळल्यावर त्यांनी घाईघाईने जोडलं, "मला दिवसभर मशीनचा आवाज असतो. जेवताना जरा शांत बरं वाटतं. म्हणून हो. दुसरं काही नाही."

आजोबांनी खोकल्याचं निमित्त करून तोंडावर रुमाल धरला. ड्रायव्हरने खिडकीबाहेर पाहिलं. कवळीवाल्यांना हातातल्या बटाट्याकडे बघून हसू आलं. आपल्या गोष्टी ऐकायला लोक येतात आणि सोबत जेवण असतं, असं ते आजवर धरून चालले होते. लोक जेवायला येत होते आणि सोबत गोष्टी सोसत होते. त्यातही ज्यांना शक्य होतं त्यांची काकूंनी बसायची सोय बघून दिली होती.

"नवरदेवाची कवळी करवलीच्या ओंजळीत पडली," त्यांनी गोष्ट आवरती घेतली. शिवणताई खरोखरच मोठ्याने हसल्या. त्यांचं खरं हसू असं असतं, हे कवळीवाल्यांना तेव्हा कळलं.

सगळे स्वयंपाकघरातच जेवले, कुणी खुर्चीवर, कुणी ओट्याला टेकून. कुस्करलेला बटाटा, परतलेला कांदा, अंडी. भाताचा वरचा काळा थर काढल्यावर खाली थोडा बरा भात निघाला, तो मुलीने मागून घेतला. आजोबांनी कवळी एका कपात ठेवली आणि दोनदा बटाटा घेतला. जेवण झालं तसा कवळीवाल्यांनी पुसायचा कपडा हातात घेतला आणि भांडी विसळणाऱ्या ड्रायव्हरशेजारी उभे राहिले. आता मात्र खोलीत काहीतरी अवघडलं. शिवणताईंनी आजोबांकडे पाहिलं, आजोबांनी घड्याळाकडे.

"तुम्ही पडा ना थोडं," आजोबा म्हणाले. "तुमची झोपायची वेळ झाली."

"छे, आज कसली झोप."

"पडा हो," शिवणताई म्हणाल्या. "सवय मोडू नये."

"रविवारी जेवण झाल्यावर तुम्ही आत जाऊन झोपता," आजोबांनी फार जपून समजावलं, "मग आम्ही काकूंना भांडी पुसू लागतो. जरा बोलणं होतं. तसं विशेष काही नसतं. तुमचं घोरणं ऐकू आलं की काकू दुसरा चहा ठेवतात."

कवळीवाल्यांनी कपडा आजोबांच्या हातात दिला. ते आतल्या खोलीत गेले आणि पलंगावर आडवे झाले. दार अर्धवट लोटलेलं होतं. झोप येणं शक्य नव्हतं. इतकी वर्षं आपल्या घरी पाहुणचार होत होता तो नेमका आपण झोपल्यावर होत होता, हे एकदा कळल्यावर कुणाला झोप येणार? ते छताकडे बघत राहिले. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज होता, पण बोलणं नव्हतं. सगळे थांबलेले होते. कशासाठी थांबलेत हे त्यांच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. मग त्यांनी घसा मोकळा केला आणि बेताचं घोरून दाखवलं.

स्वयंपाकघरात कुणीतरी चहाचं आधण ठेवलं. बोलणं सुरू झालं.

ड्रायव्हरची बायको सांगत होती की या गावात आल्यापासून पहिल्यांदाच ती कुणाच्या घरात बसली होती. रस्त्याने जाताना दुसऱ्यांच्या खिडक्यांतले दिवे बघायचे आणि घरी यायचं, एवढंच चाललं होतं. शिवणताई तिला कुठल्याशा कपड्याबद्दल काही सांगत होत्या. मग आजोबांचा आवाज आला, संथ, जरा बोबडा, कारण कवळी कपातच होती. डाव्या हाताची दोन बोटं आता उचलत नाहीत, ते म्हणत होते. गीत वाजवताना खालचे सूर सोडून देतो. अजून कुणाच्या लक्षात आलं नाही. काकूंना तेवढं सांगितलं आहे. बायको असती तर तिच्या पहिल्या दिवशीच लक्षात आलं असतं.

कवळीवाल्यांनी घोरणं थांबवलं आणि मग आठवण होऊन पुन्हा सुरू केलं. हे आपल्यासाठी नव्हतं. त्यांनी उशी कानावर घेतली आणि भिंतीकडे तोंड केलं. पाहुण्यांसाठी आपण स्वतः काहीतरी करण्याची ही पहिलीच वेळ, आणि ते म्हणजे खोटं घोरणं, हे मनात येऊन त्यांना उशीखाली पुन्हा हसू आलं.

तसं पडल्यापडल्या त्यांना सरोवराच्या काठावरचा तो आवडता प्रसंग आठवला. भाषणात तो त्यांनी कितीदा सांगितला होता. शिष्य होडीतून उतरले तेव्हा काठावर निखारे फुललेले होते, त्यावर मासे होते, भाकर होती. प्रभूने बोलावलं ते त्यानंतर. आधी जाळ कुणीतरी पेटवला होता, आणि तो पेटवणारा बोलावणाराच होता. ही बाब कवळीवाल्यांच्या भाषणात कधी आली नव्हती. निखारे करायला किती वेळ लागतो, लाकडं कुठून आणली, मासा चिकटला का, याचा त्यांनी आजवर विचार केलेला नव्हता. त्यांच्या प्रसंगात प्रभू नुसताच काठावर उभा राहून "या" म्हणत होता, बराचसा चर्चच्या पायरीवर उभं राहिल्यासारखा.

पाहुणे गेल्यावर ते उठले. ओटा लख्ख होता. फक्त भाताचं पातेलं पाण्यात भिजत ठेवलं होतं. तळाचा थर चमच्याने निघेना, सुरीने निघेना. सोमवारी ते पातेलं पिशवीत घालून कामावर घेऊन गेले आणि कवळ्यांना झिलई आणायच्या पुडीने चक्रावर घासलं. ते असं चकाकलं की दंतवैद्य बघायला आला. मंगळवारी त्यांनी आजोबांना बोलावून घेतलं. आजोबा आढेवेढे घेत आले. कवळीवाल्यांनी कवळी त्यांच्या तोंडात बसवली, काढली, पुन्हा बसवली, कुठे टोचतं ते विचारलं आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत गप्प राहिले. डावीकडे आतल्या बाजूला एक उंचवटा राहिला होता, मुगाच्या दाण्याहून लहान. तो काढायला चहा गार व्हायलाही वेळ लागला नाही. कवळीवाले नंतर बराच वेळ ते चक्र नुसतंच फिरवत बसले होते.

काकूंचा मुक्काम लांबला. पुढच्या रविवारी कवळीवाल्यांनी सगळं नीट ठरवलं. सकाळीच बटाटे धुतले, अंडी काढून ठेवली, ताटं मांडली, झाकणाची वाटी मांडली आणि ती आता लागणार नाही म्हणून परत आत ठेवली. चर्चमध्ये ते शेवटच्या बाकावर बसले. शेवटचं गीत सुरू झालं तसे ते मागच्या दाराने बाहेर पडले, भराभर घरी आले आणि गॅस पेटवला. बटाटे उकळू लागल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपण कुणालाही बोलावलेलंच नाही. बोलावणारा माणूस ओट्याशी उभा होता आणि पायरी रिकामी होती.

पातेलंभर बटाट्यांकडे बघत ते स्वतःला नाना विशेषणं लावत असताना बाहेर पावलं वाजली. दारात आजोबा होते. त्यांच्यामागे शिवणताई, ड्रायव्हर, त्याची बायको, मुलगी, आणि कवळीवाल्यांनी कधी न पाहिलेले एक वयस्कर जोडपं.

"तुम्ही पायरीवर दिसला नाहीत," आजोबा म्हणाले. "मग मीच यांना म्हटलं, असं कसं, कवळीवाल्यांकडे जेवूनच जायचं. चालेल ना?"

"चालेल," कवळीवाले म्हणाले. "फक्त आत या सगळे. बटाटे जरा जास्त सोलावे लागतील."

काकू आल्या तो आठवड्याचा मधला दिवस होता. दुपार कलली होती. त्यांनी बॅग खाली ठेवली आणि सवयीने सरळ ओट्याकडे गेल्या. कवळीवाल्यांनी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि स्वतः चहा ठेवला. काकूंना बसून राहायची सवय नव्हती. त्या दोनदा उठल्या आणि दोनदा बसल्या. चहा उकळेपर्यंत कवळीवाल्यांनी सगळं सांगून टाकलं. भाताचा साचा, शिवणताईंचा कान, खोटं घोरणं. सांगताना त्यांनी स्वतःची जराही गय केली नाही, उलट दोनचार ठिकाणी आपल्याच फजितीला थोडा रंग चढवला. काकू डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"इतकी वर्षं नुसती बडबड केली मी," कवळीवाले म्हणाले. "सत्कार तुझा व्हायला हवा होता."

"नको ग बाई. तिथे पुढे जाऊन उभं राहायचं?" काकू म्हणाल्या. मग कपाच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाल्या, "मला त्या पायरीवर उभं राहून कुणाला 'या' म्हणता येत नाही हो. शब्दच फुटत नाही. तुम्ही बोलावलं नसतंत तर आपल्या घरात दोघांशिवाय कोण आलं असतं? आजोबांशी मी आपणहून कधी बोलले असते का? नवीन माणूस दिसला की मी दुसऱ्या दाराने जाते."

कवळीवाल्यांना हे ऐकून बरं वाटलं. त्यांना फार बरं वाटतंय असं दिसल्यावर काकूंनी पुढे जोडलं, "गोष्टी मात्र कमी करा."

चहात साखर जास्त पडली होती. काकूंनी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. कवळीवाल्यांनी त्यांच्यासमोर बसून संध्याकाळच्या भाजीचं भांडं ओढून घेतलं, सुरी घेतली आणि विचारलं, "तुझी ताई आता चालते का?"

काकूंनी सांगायला सुरुवात केली. ताई काठी घेऊन चालते, पण काठीशी भांडते. दवाखान्यातल्या नर्सेसना तिने पहिल्याच दिवशी कामाला लावलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईने तिच्याशी अबोला धरला आणि निघताना दोघी गळ्यात पडून रडल्या. काकूंनी त्या बाईचा आवाज काढून दाखवला, मग डॉक्टरांचा. बोलता बोलता त्यांनी पाय वर घेतले आणि खुर्चीत मांडी घातली. कवळीवाले सोलत होते आणि ऐकत होते. आपली बायको इतकं बोलते, आणि इतकं मजेदार बोलते, हे त्यांना माहीत नव्हतं. भांड्यातल्या भाज्या संपल्या तेव्हा ताईची गोष्ट अजून ऑपरेशनपर्यंतसुद्धा पोचली नव्हती. त्यांनी आवाज न करता उठून टोपलीतले आणखी चार बटाटे घेतले.